युद्धकाळातील प्रशिक्षण विमानतळ: त्यांची आखणी आणि युद्धानंतरची जमीन

मलंगवाट (कल्याण पूर्व)

कल्याणहून मलंगगडाकडे जाताना नेवाळी परिसरात दुसऱ्या महायुद्धातील धावपट्टीची विस्तीर्ण मोकळी जमीन लागते. माझे आजोळ त्याच पट्ट्यातले असल्यामुळे, ब्रिटिश सरकारने युद्धासाठी घेतलेल्या या जमिनीची चर्चा मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. जून २०१७ मध्ये कुंपणभिंतीच्या कामावरून येथे आंदोलन पेटले, तेव्हा हा विषय काही दिवस वर्तमानपत्रांत गाजला आणि मग मागे पडला. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. त्या काळात वैमानिक घडवण्यासाठी जे असंख्य तळ उभारले गेले, त्यांची आखणी कशी होत असे? आणि युद्ध संपल्यावर काही तळ पुन्हा शेतीखाली आले, काही मात्र आजही सैन्याकडेच आहेत, हा फरक कशामुळे पडला? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

धावपट्टी (ठाणे, नौपाडा)

विमानतळांच्या फरसबंदीच्या देखभालीत माझी नोकरी झाली, म्हणून पहिल्या प्रश्नापुरते लिहितो.

आखणीचा सगळा विचार वाऱ्यापासून सुरू होतो. टायगर मॉथसारखे प्राथमिक प्रशिक्षणाचे विमान इतके हलके असते की आडव्या वाऱ्यात शिकाऊ वैमानिकाला ते सरळ उतरवणे अवघड जाते. म्हणून प्राथमिक उड्डाण-प्रशिक्षणाच्या शाळांना पुष्कळदा धावपट्टी नसेच. चहूबाजूंनी मोकळे, निचरा चांगला होणारे गवताळ मैदान असे आणि वारा जिकडून येईल तिकडे तोंड करून विमान उतरवले जाई. वजनदार बॉम्बफेकी विमाने आली तेव्हा गवत पुरेना आणि काँक्रीट आले. ब्रिटनमध्ये १९४२पासून रूढ झालेल्या प्रमाण आराखड्यात एक मुख्य धावपट्टी २००० यार्डांची, म्हणजे सुमारे १८३० मीटर, आणि दोन दुय्यम धावपट्ट्या १४०० यार्डांच्या असत. त्या एकमेकींशी साधारण ६० अंशांचा कोन करीत. तीन पट्ट्यांमुळे उतरण्याच्या सहा दिशा मिळतात, त्यामुळे वारा कोठूनही वाहिला तरी तो कोणत्या ना कोणत्या पट्टीच्या ३० अंशांच्या आत येतो. भूमितीचे इतके नेमके उपयोजन मी माझ्या कामात फार थोड्या ठिकाणी पाहिले. या पट्ट्यांना वळसा घालणारा एक परिघमार्ग असे आणि विमाने त्याच्या कडेने दूरदूर विखरून उभी केली जात, म्हणजे एका हल्ल्यात सगळी नष्ट होऊ नयेत. एवढ्या पसाऱ्यामुळेच एकेका तळाने कित्येक शेतांच्या बांधांवरून नांगर फिरवला.

आपल्याकडे बेगमपेठ आणि जोधपूर येथे प्राथमिक, तर अंबाल्याला हार्वर्ड विमानांवरचे पुढचे प्रशिक्षण चाले. अंबाला आजही वायुसेनेचा तळ आहे. बेगमपेठ पुढे मार्च २००८पर्यंत हैदराबादचे नागरी विमानतळ होते.

चाकोरी (वाशी)

वरील परिघमार्गाचे पुढे काय झाले, याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन. १९४३ मध्ये सुरू झालेल्या या तळावर वेलिंग्टन विमानांच्या चमू प्रशिक्षित होत. २ ऑक्टोबर १९४८ रोजी तेथे पहिली मोठी मोटारशर्यत झाली, तीत धावपट्ट्याही वापरल्या होत्या. पुढच्या वर्षापासून शर्यत परिघमार्गावर गेली आणि १३ मे १९५० रोजी फॉर्म्युला वन जागतिक स्पर्धेची पहिली शर्यत तेथेच झाली. तेथील एका सरळ पट्ट्याला आजही वेलिंग्टनचे नाव आहे. चेन्नईजवळच्या शोलावरमची युद्धकालीन धावपट्टीही अनेक वर्षे मोटारशर्यतींसाठी वापरली जात असे.

कॅनडाचे उदाहरण मला अधिक मोलाचे वाटते. १७ डिसेंबर १९३९च्या करारानुसार तेथे राष्ट्रकुलाची प्रशिक्षण योजना उभी राहिली आणि तिच्यातून १ लाख ३१ हजारांहून अधिक विमानचालक व सहकारी तयार झाले. त्यांतला गिम्ली हा तळ १९७१ मध्ये हवाई दलाने सोडला आणि एका धावपट्टीवर मोटारशर्यती होऊ लागल्या. २३ जुलै १९८३ रोजी इंधनाचा हिशेब पौंड व किलोग्रॅम यांच्या घोळात चुकल्यामुळे एअर कॅनडाचे बोईंग ७६७ हवेतच इंधनाविना राहिले, तेव्हा सहवैमानिकाला आपल्या हवाई दलातील दिवसांमुळे गिम्लीची धावपट्टी आठवली. विमान त्याच पट्टीवर उतरले आणि आतील ६९ जणांपैकी एकही दगावला नाही. त्यामुळे जुनी धावपट्टी मोडून टाकण्यापूर्वी दहा वेळा विचार व्हावा, असे माझे मत आहे. नवी मुंबई विमानतळाचा प्रश्न खारफुटीमुळे अडला होता, तेव्हा २०१०च्या सुमारास कल्याणच्या जागेचा पर्याय म्हणून विचार झालाच होता.

सातबारा (डोंबिवली)

चाकोरी यांच्याशी मी अंशतः असहमत आहे. काँक्रीट टिकाऊ आहे म्हणून ते राखावे, हा विचार जमीन कोणत्या अटीवर घेतली होती या प्रश्नानंतर यायला हवा. ब्रिटनमध्ये युद्धासाठी तात्पुरत्या ताब्यात घेतलेल्या पुष्कळ जमिनी मूळ मालकांना परत मिळाल्या, पट्ट्या फोडून त्यांची खडी रस्त्यांच्या भरावाला गेली आणि नॉरफोकमधील ॲटलब्रिजसारख्या ठिकाणी धावपट्टीवर टर्की पक्ष्यांच्या शेड उभ्या राहिल्या.

आपल्याकडे युद्धकाळात जमीन घेण्याचे दोन मार्ग होते. १८९४च्या भूसंपादन कायद्याने घेतलेली जमीन मोबदला देऊन कायमची सरकारची होई. भारत संरक्षण नियमांतील ७५-अ या नियमाखाली मात्र केवळ ताबाही घेता येई. मालकी मूळ मालकाकडेच राहू शके. युद्ध संपल्यावर हे ताबे आपोआप सुटले नाहीत. १९४७च्या कायद्याने त्यांना मुदत मिळाली आणि १९५२ मध्ये ताबा व संपादन यांविषयी स्वतंत्र कायदा झाला. नेवाळी, भाल, द्वारली या परिसरातील वाद नेमका याच मुद्द्यावर उभा आहे: युद्धासाठी घेतलेली जमीन परत मिळायला हवी होती असे शेतकरी म्हणतात आणि संरक्षण खाते तिच्यावर मालकी सांगते. दीड हजार एकरांहून मोठ्या क्षेत्राचा हा प्रश्न आहे आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणाऱ्या घरांना त्याचे उत्तर कागदावर मिळायला हवे.

जवळच्याच कल्याणच्या लष्करी छावणीचे प्राक्तन वेगळे ठरले. तेथे तयार बराकी होत्या, म्हणून फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तेथे आसरा देता आला आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले.

मलंगवाट (कल्याण पूर्व)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सातबारा, आमच्या आजोळच्या घराने कागद शोधायचे ठरवले तर सुरुवात कोठून करावी?

सातबारा (डोंबिवली)

आधी तलाठी आणि तहसील कार्यालयातून १९४० ते १९५५ या काळातील फेरफार नोंदी व जुन्या सातबाऱ्यांच्या प्रमाणित नकला मागाव्यात. कब्जेदाराच्या रकान्यातील नाव कोणत्या वर्षी आणि कोणत्या फेरफार क्रमांकाने बदलले, ते पाहावे, कारण त्या नोंदीत बहुधा आदेशाचा उल्लेख असतो. त्यानंतर त्या वर्षांच्या मुंबई सरकारच्या राजपत्रांत भूसंपादनाच्या अधिसूचना तपासाव्यात; मुंबईच्या पुराभिलेखागारातही त्या काळच्या महसूल खात्याच्या फायली पाहता येतात. मोबदल्याची किंवा भाड्याची एखादी पावती घरात असेल तर तिच्यावरील शब्द जसेच्या तसे उतरवून घ्यावेत. वार्षिक भाडे दिले गेले असेल, तर ते कायम संपादनाशी सहसा जुळत नाही आणि वकिलाला पहिला धागा तेथेच सापडू शकतो.