उंचीची भीती आणि बिझनेस क्लास: पैसे वसूल होतात का?

प्रश्न: आईला उंचीची भीती. मुंबई–लंडन जायचंय, साडेनऊ-दहा तास. बिझनेसचं तिकीट काढलं तर त्रास कमी होईल?

उत्तर १: भीती क्लासनं नाही, सीटनं कमी होते. १-२-१ मांडणीत (दोन्ही खिडक्यांशी एकेक सीट, मध्ये दोन) मधल्या जोडीतली सीट घ्या. खिडकी घेऊन शटर पाडायचा बेत फसतो. टेकऑफ-लँडिंगला ते बहुधा उघडायला लावतात. पैसे भरण्याआधी सीट मॅप बघाच.

उत्तर २: पण बिझनेस पुढे असतं, आणि हादरे सर्वांत कमी पंखांजवळ. हादऱ्यांचीच धास्ती असेल तर इकॉनॉमीत पंखांजवळची आयल (वाटेकडेची) सीट बरी, निम्म्याहून जास्त पैसेही वाचतील.

उत्तर ३: ड्रीमलायनर (बोइंग ७८७) विमानाला शटर नसतं, बटणानं काच गडद होते. भीतीवरची गोळी डॉक्टरांना विचारूनच. वर फुकटची वाइन अजिबात नको.