आइव्ह्जच्या 'थ्री प्लेसेस'मध्ये दोन बँड एकमेकांवर का आदळतात?

बेसूर_मी:
काल रात्री अमेरिकन संगीतकार चार्ल्स आइव्ह्जची तीन भागांची ऑर्केस्ट्रा-रचना 'थ्री प्लेसेस इन न्यू इंग्लंड' पहिल्यांदा ऐकली. दुसऱ्या भागात एक मार्च छान चाललेला, आणि मध्येच दुसराच कुठला तरी वेगळ्या लयीत घुसला. वाटलं ब्राउझरमध्ये आणखी एखादी टॅब वाजतेय. सगळ्या बंद केल्या, तरी तेच! हे असंच लिहिलंय की रेकॉर्डिंग गंडलंय? शिवाय अधूनमधून 'यांकी डूडल' या जुन्या अमेरिकन गाण्याचे तुकडे. मला तरी एक ना धड भाराभर चिंध्या वाटल्या.

खर्ज:
टॅबा उघडा परत, रेकॉर्डिंग ठणठणीत आहे.

तो भाग 'पटनम्स कॅम्प'. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात कनेक्टिकटमधल्या रेडिंगला जनरल इस्रायल पटनमच्या फौजेने १७७८-७९चा हिवाळा काढला, ती जागा. आइव्ह्जने सोबत गोष्टही लिहून ठेवलीय: ४ जुलैची, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची सहल, एक पोरगा घोळक्यातून निसटून रानात शिरतो, त्याला स्वप्नात जुने सैनिक दिसतात. तुम्हाला जिथे टॅबचा भास झाला तिथे एका मार्चचे तीन बार (ठेक्याची आवर्तनं) होईपर्यंत दुसऱ्याचे चार होतात. वाजवणाऱ्यांचे हाल विचारू नका. कंडक्टर निकोलस स्लोनिम्स्की म्हणे एका हाताने एक लय दाखवायचे, दुसऱ्या हाताने दुसरी. त्यांनीच १० जानेवारी १९३१ला न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये याचा पहिला प्रयोग केला. संगीत बरंचसं १९१४पर्यंत लिहून झालं होतं. ते लिहीत असताना आइव्ह्ज विम्याचा धंदाही सांभाळत होता.

चिंध्यांबद्दल: आइव्ह्जचा बाप बँडमास्तर, बालपण डॅनबरीतल्या मिरवणुकांच्या गोंगाटात गेलेलं. त्याला ती गाणी शुद्ध, एकेकटी ऐकूच आली नसतील.

ओसरी:
बेसूर, पहिला भाग घाईत ऐकलात वाटतं. तो बॉस्टनला स्टेट हाउससमोर असलेल्या शिल्पकार सेंट-गॉडन्सच्या ब्राँझच्या शिल्पावर आहे, १८९७च्या. कर्नल शॉ घोड्यावर आणि बाजूने ५४व्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटचे कृष्णवर्णीय सैनिक चालत. मी गेले होते तेव्हा पाऊस पडत होता आणि बंदुकांवरून पाणी ओघळत होतं. नुसती रांग म्हणून बघायला गेले, पण चेहरे एकेक वेगळे निघाले: कुणी दाढीवाला, कुणी अगदी पोरसवदा. १८६३मध्ये, अमेरिकेच्या यादवी युद्धात, फोर्ट वॅग्नरवर शॉ आणि त्यातले कितीतरी जण पडले. आइव्ह्जने इथे विजयाचा मार्च लिहिलाच नाही. खाली मंद्र सुरांची जड ये-जा चालू राहते, वर यादवी युद्धातल्या गाण्यांचे तुकडे अर्धवट उमटून विरतात. पाय ओढत चालल्यासारखं.

खर्ज:
ओसरी, +१. पण नवख्याने तिसऱ्या भागापासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत. १९०८च्या उन्हाळ्यात, नुकतंच लग्न झालेलं असताना, आइव्ह्ज आणि त्याची बायको हार्मनी मॅसॅच्युसेट्समधल्या स्टॉकब्रिजजवळ हूसटॉनिक नदीकाठी रविवारी सकाळी फिरायला गेले. पाण्यावर धुकं, पलीकडच्या चर्चमधून येणारं गाणं. व्हायोलिन्स धुक्यासारखी नुसती थरथरत राहतात आणि त्याखालून सूर वाहतो. शेवट मुद्दाम सांगत नाही. फक्त आवाज वाढला म्हणून हेडफोन काढू नका.

बेसूर_मी:
काढले नाहीत. सगळा ऑर्केस्ट्रा फुटेल असं वाटलं आणि एकदम तुटला. मला वाटलं, बॅटरी गेली. मग लक्षात आलं, तंतुवाद्यं अजून वाजतायत, अगदी हळू. ती आधीपासूनच वाजत होती का हो?

खर्ज:
आता आवाज बेताचा ठेवून परत ऐका, आणि या वेळी फक्त त्यांच्यावर कान ठेवा.