मदत हवी आहे: ‘रेटिक्युलाटा’शी यमक जुळणारे इंग्रजी शब्द

नमस्कार मंडळी,

लेक नववीत आहे. शाळेत इंग्रजी कविता लिहायला दिली आहे, विषय ‘आपल्या मातीतलं फळ’. नागपूरची पोर, तिने संत्रंच घेतलं. चार-चार ओळींची कडवी, आणि दुसऱ्या-चौथ्या ओळीचं यमक पक्कं हवं. सोमवारी द्यायची आहे.

सुरुवातीला तिने ओळीच्या शेवटी ‘ऑरेंज’ लिहिलं आणि तिथेच अडकली. या शब्दाला रोजच्या इंग्रजीत पूर्ण यमकच नाही. शोधून शोधून दोन मिळाले: ‘ब्लॉरेंज’, म्हणजे वेल्समधला एक डोंगर, आणि ‘स्पोरेंज’, वनस्पतिशास्त्रातला शब्द. मला हळहळ वाटली, कारण शब्द मुळात आपल्याकडचा. संस्कृत ‘नारंग’ फारसी-अरबीतून फिरत युरोपात पोचला आणि ‘ऑरेंज’ झाला.

मग गेल्या रविवारी काटोलकडे आमच्या बागेत गेलो. मृग बहाराची तोडणी सुरू आहे. आबाजींनी (माझे सासरे) तिला संत्रं सोलून दिलं. साल सैल, झटक्यात निघाली, पण फोडींवर पांढऱ्या रेषांचं जाळं तसंच राहिलं. एरवी ती रेष न् रेष ओढून काढल्याशिवाय फोड तोंडात घालत नाही. त्या दिवशी फळ उन्हात धरून बघतच बसली. आबाजी म्हणाले, “काय पाहून राहिली वं?” तर म्हणे, “आबाजी, ही जाळी किती बारीक आहे!” घरी येऊन तिने शास्त्रीय नाव शोधलं: सिट्रस रेटिक्युलाटा. लॅटिनमध्ये ‘रेटे’ म्हणजे जाळं, ‘रेटिक्युलम’ म्हणजे छोटं जाळं, ‘रेटिक्युलाटा’ म्हणजे जाळीदार. ब्लँको नावाच्या स्पॅनिश धर्मगुरूंनी १८३७ मध्ये फिलिपिन्सच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात हे नाव दिलं होतं.

आता तिला ओळीच्या शेवटी हाच शब्द हवा आहे. मीही ‘बदल’ म्हणणार नाही. जो शब्द तिने आधी डोळ्यांनी पाहिला आणि मग वाचला, तो कसा सोडायला सांगू?

यमकाच्या साइटवर शास्त्रीय नाव टाकलं तर काहीच येत नाही. मी मराठी माध्यमातली. शेवटची अक्षरं जुळली की यमक, एवढंच मला माहीत. तशी यादी केली: सोनाटा, कँटाटा, टोकाटा, इराटा, ऑटोमाटा. बाईंनी ऑटोमाटा खोडला, बाकीचे ठेवले. का, ते कळलं नाही. ठेवलेल्यांत तीन शब्द संगीतातले आणि एक छापखान्यातल्या चुकांचा. संत्र्याच्या कवितेत हे कुठे बसवायचे?

आणखी एक. ‘काटा’ हा मराठी शब्द चालेल का? संत्र्याच्या झाडाला काटे असतात, आणि कळमन्याला, म्हणजे नागपूरच्या बाजारात, माल वजनाच्या काट्यावरच जातो. अर्थ दोन्हीकडून लागतो.

*

प्रतिसाद १

ताई, ऑटोमाटा का खोडला ते सांगतो. इंग्रजी यमक शेवटच्या अक्षरापासून मोजत नाहीत. शब्दात जिथे मुख्य जोर पडतो, तिथल्या स्वरापासून पुढचं सगळं जुळावं लागतं. रेटिक्युलाटामध्ये जोर ‘ला’वर आहे, म्हणून ‘आटा’ एवढं जुळायला हवं. सोनाटात जोर ‘ना’वर, म्हणून जमतं. ऑटोमाटाचा खरा उच्चार ‘ऑटॉमटा’, जोर ‘टॉ’वर. लिहिताना शेवट सारखा, कानाला मात्र लागत नाही. लेकीला मोठ्याने म्हणायला सांगा, टाळी कुठे पडते ते तिलाच कळेल.

*

प्रतिसाद २

काटा चालेल असं माझं मत. फक्त बाईंना आधी विचारा. कवितेत त्या ओळीआधी झाडाचा उल्लेख आला, तर मराठी न येणाऱ्यालाही अंदाज येईल.

एक अडचण मात्र आहे. बरेच इंग्रज ‘रेटिक्युलेटा’ म्हणतात, ‘ले’वर जोर देऊन. वर्गात तसं वाचलं गेलं तर काटा आणि सोनाटा दोन्ही गेले.

*

प्रतिसाद ३

मग ‘स्ट्राटा’ घ्या ना. ‘स्ट्रॅटम’चं अनेकवचन, म्हणजे थर. हाही लॅटिनच. ब्रिटिश उच्चार ‘स्ट्राटा’, अमेरिकन ‘स्ट्रेटा’. लाटा म्हणा की लेटा म्हणा, जोडी तुटत नाही. ‘डेटा’चंही तसंच, तो ‘डाटा’ही होतो, पण संत्र्यात डेटा कशाला. थर मात्र आहेतच: वरची केशरी साल, खाली पांढरा पापुद्रा, मग फोडी.

*

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद ३ वाचून दाखवला तर ती उठून सरळ स्वयंपाकघरात गेली, एक संत्रं घेतलं आणि या वेळी सुरीने आडवं कापलं. थर मोजले. दुसरी ओळ रेटिक्युलाटावर संपते आणि चौथी स्ट्राटावर. काटा तिने सोडलेला नाही, तो तिसऱ्या कडव्यात आबाजींच्या ओरखडलेल्या हातासोबत आला आहे. त्याला तिने जोडी शोधलेली नाही, कारण तो ओळीच्या मध्ये आहे.