प्रतिसाद: तीन वर्षांच्या मुलीसाठी आत्ताच बोर्ड ठरवायचं का?

ताई, एवढी घाई नको. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातली ५+३+३+४ वर्षांच्या टप्प्यांची रचना बघा: बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून पहिला टप्पा. त्यात खेळ, गाणी, गोष्टी. बोर्डाचा संबंध कुठाय? खरा फरक नववी-दहावीला जाणवतो. बदलीची नोकरी असेल तर सीबीएसई सोयीचं, हे मान्य.

आमचा मुलगा राज्य मंडळात. तिसरीला परिसर अभ्यासाचं पुस्तक खास नाशिक जिल्ह्याचं होतं. त्यातल्या नकाशावर बोट ठेवून त्याने गोदावरी त्र्यंबकपासून शोधली, मग रविवारी रामकुंडावर नेऊनच दाखवावं लागलं! आणि हो, नाशकात पाथर्डी फाट्यावरून गंगापूर रोडच्या शाळेत रोज व्हॅनने पाठवणार असाल तर आधी त्या वेळेचा हिशोब करा. लेकरू व्हॅनमध्येच झोपतं.