वय ४७, खाणं तेवढंच तरी पोट सुटत चाललंय, काय करू?

गिरणाकाठ, चाळीसगाव:
तायांनो कुणी सांगा. तीन वर्षांत ५८ ची ६६ किलो झाले, सगळं पोटावर, हातपाय तसेच. पाळी दोन-दोन महिने येत नाही, आली की आठ दिवस जात नाही. रात्री घामाने ब्लाऊज ओला होतो, आधी वाटलं आपल्याकडचा मे महिना, सगळ्यांनाच होतं, पण डिसेंबरातही गोधडी फेकून उठत होते. भाकरी बंद केली, सकाळी नुसता चहा-टोस्ट, तरी काटा हलत नाही. जाऊबाई म्हणतात वजनाची पावडर घे. घेऊ का?

भुसावळची मावशी:
पावडर नको गं माय. भाकरी सोडून चहा-टोस्टवर आलीस तिथेच चुकलं. या वयात इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं हार्मोन, कमी होत जातं तशी चरबी पोटाकडे सरकते, स्नायूही कमी होतात, त्यात खाणं तोडलं की ते अजून झिजतात. मला डाएटिशियनने किलोमागे १ ग्रॅम प्रोटीन सांगितलं होतं, तुला ६० च्या आसपास धर. आपली कळण्याची भाकरी खा, त्यात उडीद असतो, सोबत घट्ट वरण, दही, चालत असतील तर दोन अंडी, १२ ग्रॅम तिथेच. भरीत खा पण तेल मोजून, एक मोठा चमचा म्हणजे १२० कॅलरी आणि आपण किती ओततो ते आपल्यालाच माहीत.

धुळेकर नर्स:
रक्ताच्या तीन तपासण्या करून घे, टीएसएच म्हणजे थायरॉईडची, हिमोग्लोबिन, आणि एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची, थायरॉईडनेही वजन आणि पाळी दोन्ही बिघडतं. आणि हे सगळ्यांनीच वाचा, सलग १२ महिने पाळी नाही म्हणजे मेनोपॉज, त्यानंतर एक डाग दिसला तरी डॉक्टर गाठायचा. माझ्या आईने उष्णतेने झालं म्हणून सात महिने लपवलं, पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर निघाला, नशीब ऑपरेशन वेळेत झालं.

पारोळ्याची सून:
मी नुसती चालायचे, फरक नव्हता. मग खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, १० वेळा, असं तीनदा, आणि पाण्याच्या दोन बाटल्या हातात धरून वर-खाली. चार महिन्यांत वजन दीडच किलो उतरलं पण परकराची गाठ चार बोटं आत गेली आणि जिना चढताना कठडा धरावा लागत नाही.

गिरणाकाठ:
उद्याच कळणा दळायला टाकते. टीएसएचला उपाशी जायचं का?

धुळेकर नर्स:
नाही, तिन्हीला उपाशी लागत नाही. थायरॉईडची गोळी चालू असेल तर त्या दिवशी रक्त दिल्यावर घे.