कोल्हापूरहून लीड्सला पार्सल: चपला, मसाला, साडी एकाच बॉक्समध्ये पाठवता येईल का?

शाहूपुरीकर: ताई आणि दाजींना दिवाळीला पाठवायचंय: कोल्हापुरीचे दोन जोड, कांदा-लसूण मसाला १ किलो, एक रेशमी साडी आणि पेढे. पॅकिंग कसं करू? कस्टमचं काय?

पार्सलकट्टा: पेढे आधी बाहेर काढा. भारतातून ब्रिटनला मांस आणि दुधाचे पदार्थ पोस्टानेही चालत नाहीत.

बाकीचं एका बॉक्समध्ये जातं, पण खरा धोका मसाल्याचा. त्यात तेल असतं, ते साध्या पिशवीतून झिरपतं आणि साडी गेलीच म्हणून समजा. एक किलोची एकच पिशवी नको, अर्ध्या-अर्ध्या किलोच्या दोन करा. जाड लॅमिनेटेड पाऊच घ्या, हवा दाबून काढा, मशीनने सील मारा आणि वर झिपची पिशवी. विमानात हवेचा दाब कमी होतो, आत हवा राहिली असेल तर पाऊच फुगतो आणि शिवण सुटते. काचेची बरणी अजिबात नको. साडी वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये, मसाल्यापासून लांबच्या कोपऱ्यात.

चप्पल लाइन: नव्या कोल्हापुरीला तेल लावलेलं असतं. दोन दिवस सावलीत वाळवा, मगच बांधा. थेट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, ओल कोंडून बुरशी येते. बटर पेपर किंवा सुती कापड, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या. पट्ट्याखाली आणि अंगठ्यात कागदाचे बोळे भरा, नाहीतर वजनाने चपलेचे बाजूचे कान चेपतात ते परत सरळ होत नाहीत. एकाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याकडे, मध्ये पुठ्ठा.

पार्सलकट्टा: बॉक्स नवा, पाच पदरी. किराण्याचा जुना बॉक्स कोपऱ्यात मऊ पडलेला असतो. चारही बाजूंनी ५ सेंमी भरण, हलवल्यावर आवाज येता कामा नये. पण उगाच मोठाही घेऊ नका: कुरिअरवाले सेंमीमध्ये लांबी × रुंदी × उंची भागिले ५००० करतात आणि ते वजन खऱ्यापेक्षा जास्त आलं तर त्याचेच पैसे लावतात. ४०×३०×२० म्हणजे ४.८ किलो, आत तीनच किलो असलं तरी. ३०×२५×२० ला तेच ३ किलो होतं.

शेवटची टेप काउंटरवर तपासणी झाल्यावरच मारा. टेप ४८ मिमीची, वर-खाली इंग्रजी H सारखी.

कागदपत्रं बघणारा: कस्टमच्या फॉर्मवर नुसतं ‘गिफ्ट’ लिहू नका. प्रत्येक वस्तू, नग, वजन, किंमत वेगळी. चपलेचा एचएस कोड (कस्टमसाठी वस्तूचा प्रकार सांगणारा आकडा) ६४०३.२०, चामड्याचा तळ आणि अंगठ्याभोवती पट्टा असलेल्या पादत्राणांचा तोच.

ब्रिटनमध्ये ३९ पौंडांपर्यंतच्या भेटीला व्हॅट नाही. दोघांना पाठवताय ना, मग ताईंची भेट एका पाकिटात, दाजींची दुसऱ्यात, वर नावं, आणि फॉर्मवरही तशाच वेगळ्या नोंदी. मग ३९ ची मर्यादा प्रत्येकाला स्वतंत्र मिळते. साडी भारी असेल तर ताईंचा हिस्सा ओलांडेल, तिथे व्हॅट भरावाच लागेल. किंमत कमी दाखवू नका. बॉक्स अडकला तर तुमच्या बिलावरूनच पकडतात.

शाहूपुरीकर: दोघांची पाकिटं वेगळी करतो. चकाकणारा गिफ्ट पेपर लावू का?

कागदपत्रं बघणारा: साधा खाकी कागद बरा, कस्टमवाल्यांनी उघडला तर फाटणारच. आणि पत्त्यात पोस्टकोड, ताईंचा मोबाइल नंबर दोन्ही घाला. तीच चिठ्ठी बॉक्सच्या आतही एक टाका.