लाकडी लाँगबोला दोरी कुठली, आणि किती धाग्यांची?

प्रश्न: नमस्कार मंडळी, माझा लाँगबो आहे, म्हणजे लांब धनुष्य, पूर्ण ओढायला ४५ पाउंड जोर लागणारं, अख्खा एकाच लाकडाचा, टोकांना शिंग वगैरे काही लावलेलं नाही, खाचा थेट लाकडातच कोरल्यात. जुनी दोरी पार विसविशीत झालीय, आता नवीन स्वतः वळायचीय. ओळखीतले म्हणतात फास्टफ्लाइट (दोरीचा आधुनिक कृत्रिम धागा) घे, बाण जोरात जातो. घेऊ का? आणि धागे १२ ठेवू की १४?

उत्तर: फास्टफ्लाइट अजिबात नको!! ती जवळजवळ ताणतच नाही, त्यामुळे बाण सुटून दोरी जागेवर येते तेव्हाचा सगळा झटका टोकांवर जातो, आणि वर ती बारीक, म्हणजे उघड्या लाकडात रुतत जाते आणि खाचेपासून उभी चीर पडायला लागते. टोकं मजबूत केलेली असती तर गोष्ट वेगळी. तुम्ही बी-५० डेक्रॉन घ्या, ते पॉलिएस्टर आहे, जरा ताणतं, झटका सोसतं. बाणाचा वेग किंचित कमी होईल पण धनुष्य टिकेल, आणि मला तरी तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

उत्तर: डेक्रॉनला पूर्ण सहमत. आता धाग्यांचं. बी-५० चा एक धागा साधारण ५० पाउंड तोलतो, म्हणजे १२ धागे झाले की ६०० पाउंड, ४५ च्या धनुष्याला भरपूर झालं. त्यामुळे ताकदीची काळजी सोडा, आकडा बाणाच्या खाचेवरून ठरवा. दोरीच्या मधल्या भागावर सर्व्हिंग (बाण लावतो तिथलं दोऱ्याचं आवरण) गुंडाळून झालं की बाण लावा, धनुष्य आडवं धरून बाण खाली लोंबू द्या आणि दोरीवर बोटाने हलकी टिचकी मारा. बाण टिचकीने सुटून पडला तर बरोबर, टिचकीशिवायच पडला तर सैल, टिचकीनेही नाही पडला तर घट्ट. सैल असेल तर १४ करा किंवा सर्व्हिंगचा दोरा जाड घ्या. दोन पेडांची दोरी वळणार असाल तर ६-६ किंवा ७-७, आणि फासाच्या (टोकाच्या खाचेत अडकतो त्या वेढ्याच्या) जागी दोन-तीन जादा तुकडे मिसळा, फास गुबगुबीत झाला की लाकडावर भार पसरतो.

प्रश्नकर्ता: वा, हे टिचकीचं माहीतच नव्हतं! मग १२ नेच सुरू करतो. लिननची दोरी चालेल का, दिसायला फार सुंदर असते हो.

उत्तर: चालते की, पण तिचं काम जपून. मेण सढळ लावायचं, फासाजवळ एखादा धागा जरी तुटलेला दिसला तरी लगेच बदलायची, कारण ओढलेल्या धनुष्यावर दोरी तुटली तर धनुष्यसुद्धा मोडू शकतं. आणि डेक्रॉनची नवी दोरी सुरुवातीला ताणून लांबते, त्यामुळे दोरी आणि मूठ यांतलं अंतर कमी होतं. घाबरू नका, दोरी उतरवून थोडे पीळ वाढवा, परत मोजा. ती स्थिरावली की मगच सर्व्हिंगवर बाणाची जागा पक्की करा.